मुंग्या, नागीण, विंचू: परिघीय चेतासंस्थेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेत हा विषय आकृतीला नावं देण्यापुरता येतो आणि परीक्षा झाली की विसरला जातो. पुन्हा आठवतो तो थेट हाताला मुंग्या यायला लागल्यावर. म्हणून इथले बरेचसे प्रश्न दुखण्याखुपण्यातूनच आले आहेत. तसं पाहिलं तर ही संस्था समजून घ्यायला तोच सोपा रस्ता आहे, कारण ती नीट चालू असते तेव्हा आपल्याला तिची दखलही नसते.

परिघीय चेतासंस्था म्हणजे शरीराचा नेमका कोणता भाग?

मेंदू आणि मेरुरज्जू वगळले की चेतासंस्थेचं जे उरतं ते सगळं. मेंदू कवटीत असतो, मेरुरज्जू मणक्यांच्या पोकळीत. तिथून बाहेर पडून कातडी, स्नायू, जीभ, हृदय, आतडी इथवर पोचणाऱ्या चेता (नर्व्ह) आणि वाटेत लागणारे चेतापेशींचे पुंजके, म्हणजे गुच्छिका, हे सारं यात आलं. या भागाला हाडांचं कवच नाही. मेंदूभोवती रक्तातल्या नको त्या पदार्थांना अडवणारा जो कडक पहारा असतो तोही इथे बऱ्याच ठिकाणी ढिला आहे. त्यामुळे दाब, साखर, विष, जंतू यांच्या तडाख्यात ती सहज सापडते.

कामाच्या दृष्टीने तिचे दोन भाग पडतात. कायिक भाग संवेदना मेंदूकडे नेतो आणि आपल्या मर्जीने हलणाऱ्या स्नायूंना हुकूम पोचवतो. स्वायत्त भाग हृदय, रक्तवाहिन्या, आतडी, मूत्राशय, घाम यांचं बघतो, आपल्याला न विचारता.

एकूण चेता किती?

मेंदूतून १२ जोड्या (करोटी चेता) आणि मेरुरज्जूतून ३१ जोड्या. या ३१ मध्ये मानेच्या ८, छातीच्या १२, कमरेच्या ५, त्रिकास्थीच्या (कमरेखालच्या तिकोनी हाडाच्या) ५ आणि माकडहाडाची १. मानेत मणके सात आणि चेता आठ कशा, हा परीक्षेतला लाडका प्रश्न. उत्तर सोपं आहे: पहिली जोडी पहिल्या मणक्याच्या वरून निघते आणि आठवी सातव्याच्या खालून.

बारांपैकी डोळ्याची चेता, म्हणजे दुसरी, या यादीत नावापुरतीच आहे. तिची घडण मेंदूच्या आतल्या ऊतीसारखी आहे आणि तिच्यावरचं आवरणही मेंदूतल्या पेशीच बनवतात. हाताची चेता कापली गेली तर पुन्हा वाढू शकते, डोळ्याची वाढत नाही, त्याचं एक कारण हेच.

एकाच चेतेतून संवेदना वर जाते आणि हुकूम खाली येतो. गोंधळ होत नाही?

एका चेतेत हजारो तंतू असतात आणि प्रत्येक तंतूची दिशा ठरलेली असते. मेरुरज्जूपाशी पोचताना ते वेगळे होतात: संवेदनेचे तंतू मागच्या मुळातून आत शिरतात, हालचालीचे पुढच्या मुळातून बाहेर येतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला चार्ल्स बेल आणि फ्रांस्वा माजांदी यांनी हे दाखवलं. याचं श्रेय कोणाचं यावरून दोघांत चांगलीच जुंपली होती.

मागच्या मुळावर एक फुगवटा असतो, त्यात संवेदनेच्या चेतापेशींची शरीरं बसलेली असतात. हा फुगवटा लक्षात ठेवा, नागिणीच्या प्रश्नात लागेल.

गरम तव्याला बोट लागलं की मेंदूला कळण्याआधीच हात मागे येतो, हे खरं का?

खरं आहे. खबर मेरुरज्जूपर्यंत जाते, तिथेच निर्णय होतो आणि स्नायूंना हुकूम सुटतो. 'आई गं' नंतर.

याहून मजेशीर गोष्ट उंबऱ्याला ठेच लागल्यावर नीट लक्ष दिलंत तर अनुभवता येते. आधी एक तीक्ष्ण कळ येते. मग क्षणभर काहीच नाही. आणि मग ती ठणकणारी, पसरणारी वेदना चढते. पहिली कळ पातळ आवरण असलेल्या तंतूंतून सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने आलेली असते. दुसरी आवरण नसलेल्या बारीक तंतूंतून येते, त्यांचा वेग सेकंदाला जेमतेम अर्धा ते दोन मीटर. अंगठ्यापासून कमरेपर्यंत अंतर सुमारे एक मीटर, म्हणून ही खबर सावकाश पोचते. जाड आवरणाचे, स्नायूंना हुकूम नेणारे तंतू यांच्या कितीतरी पुढे असतात. माणसाच्या हातातल्या चेतेचा वेग सेकंदाला ५० ते ६० मीटर भरतो. हे आवरण श्वान पेशी (Schwann, तंतूंना वेढणाऱ्या आधारपेशी; कुत्र्याशी संबंध नाही) घालतात. आवरणात ठरावीक अंतरावर खंड असतात आणि संदेश एका खंडावरून पुढच्या खंडावर उड्या मारत जातो.

मांडी घालून बसलं की पाय झोपतो. रक्त थांबल्यामुळे ना?

मुख्य भानगड चेतेवरच्या दाबाची. चेतेला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या त्यात दबतात, एवढाच रक्ताचा संबंध. पाय मोकळा केला की तंतू पुन्हा जागे होतात, पण एकदम सगळे नाहीत. काही भलत्याच वेळी संदेश सोडू लागतात आणि आपल्याला मुंग्या जाणवतात.

गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, हाडाचा एक गोल उंचवटा हाताला लागतो. त्याच्या मानेला वळसा घालून एक चेता अगदी कातडीखालून जाते. पाऊल वर उचलण्याचं काम तिचं. तासन्‌तास उकिडवं बसून खुरपणी, निंदणी करणाऱ्यांची ही चेता दबते आणि उठल्यावर पाऊल लोंबकळतं, चालताना फरफटतं. बहुतेकांचं काही आठवड्यांत सुधारतं. तरी पाऊल उचलता येत नसेल तर 'होईल बरं' म्हणून घरी बसू नका, कारण कमरेतल्या गादीच्या दाबानेही असंच होतं आणि त्याची घाई असते.

हाताला मुंग्या येतात. मानेचा आजार आहे की मनगटाचा?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. 'हाताला' म्हणजे कोणत्या बोटांना, हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही. कापसाची वात घ्या, डोळे मिटा आणि घरातल्या कोणाला तरी एकेका बोटाच्या दोन्ही कडांवरून हलकेच फिरवायला सांगा.

अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची मधल्या बोटाकडची कड बधिर लागली तर मनगटातल्या बोगद्यात मीडियन नर्व्ह दबलेली असण्याची शक्यता मोठी. अशी माणसं रात्री दोन-तीनला उठून हात झटकतात आणि झटकल्यावर बरं वाटतं. करंगळी आणि अनामिकेची उरलेली कड बधिर असेल तर संशय कोपराच्या मागून जाणाऱ्या अल्नर नर्व्हवर. कोपर आपटल्यावर 'करंट बसतो' ती हीच. अनामिका अशी मधोमध दोघींत वाटलेली आढळली की दोष बहुधा मानेत नसतो, कारण मानेतून येणाऱ्या मुळांच्या हद्दी अशा एका बोटाच्या मधोमध तुटत नाहीत. मानेचं दुखणं असेल तर सहसा मान वळवल्यावर कळ खांद्यावरून खाली उतरते.

मानेचा एमआरआय आधी आणि बोटांची तपासणी नंतर, हा क्रम मला पटत नाही. चाळिशीनंतर मानेच्या एमआरआयमध्ये अनेकांना काही ना काही झीज दिसते. मग मनगटाच्या दुखण्यासाठी माणूस वर्षभर मानेला पट्टा लावून फिरतो.

नागीण अंगाच्या एकाच बाजूला का उठते? तोंडाला शेपूट मिळालं तर माणूस दगावतो म्हणतात.

नाही दगावत. नागीण म्हणजे लहानपणी झालेल्या कांजिण्यांचा विषाणू. कांजिण्या बऱ्या होतात, पण विषाणू वर सांगितलेल्या त्या फुगवट्यांत वर्षानुवर्षं दडून राहतो. वय झालं किंवा प्रतिकारशक्ती उतरली की एखाद्या फुगवट्यात तो जागा होतो आणि चेतेच्या वाटेने कातडीपर्यंत येतो. मेरुरज्जूच्या जवळजवळ प्रत्येक चेतेकडे कातडीचा एकेक पट्टा असतो: स्तनाग्राच्या पातळीला छातीची चौथी, बेंबीच्या पातळीला दहावी. पट्टा पाठीच्या कण्यापासून सुरू होतो आणि पुढे मध्यरेषेवर संपतो, म्हणून फोडही तिथेच थांबतात. दुसऱ्या बाजूची चेता वेगळी, तिचा फुगवटा वेगळा.

फोड यायच्या आधी दोन-तीन दिवस नुसतीच आग होते. पित्त, बरगडी, हृदय असे सगळे तर्क करून होतात, आणि मग पुरळ दिसतं. विषाणूवरच्या गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर जास्त उपयोगी पडतात. लेप लावण्यात आणि नागीण उतरवून घेण्यात नेमके हेच तीन दिवस जातात. नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, कारण नाकाचा शेंडा आणि बुबुळ यांच्याकडे जाणारी चेता एकच आहे.

हार्ट अटॅकमध्ये डावा हात का दुखतो?

हृदयाकडून येणारे वेदनेचे तंतू छातीच्या वरच्या चार-पाच मुळांतून मेरुरज्जूत शिरतात. दंडाच्या आतल्या बाजूची संवेदनाही तिथेच येते. मेंदूला हृदयाकडून तक्रार येण्याची सवय नसते, हाताकडून असते, त्यामुळे तो हाताचं नाव घेतो. उजवा हात, जबडा, पोटाचा वरचा भाग इथेही ही वेदना येऊ शकते. छातीखालच्या श्वासपटलाची चेता मानेच्या तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या मुळांतून निघते, म्हणून श्वासपटलाला खालून दाह झाला की दुखतो तो खांदा.

स्वायत्त चेतासंस्थेत अनुकंपी 'भडकवते' आणि परानुकंपी 'शांत करते', एवढंच का?

परीक्षेपुरतं चालेल. अनुकंपी संस्था मेरुरज्जूच्या छाती आणि कमरेच्या भागातून निघते: नाडी वाढवते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या करते, आतड्यांचं काम मंदावते. परानुकंपी मेंदूच्या बुंध्यातून आणि त्रिकास्थीच्या भागातून निघते, आणि तिचा मोठा हिस्सा एकट्या व्हेगसकडे, म्हणजे दहाव्या करोटी चेतेकडे आहे. पण दोघी नेहमीच एकमेकींच्या विरुद्ध नसतात. घामाच्या ग्रंथी आणि बहुतेक रक्तवाहिन्या यांच्यावर अनुकंपीचाच ताबा आहे, परानुकंपी तिथे फिरकतही नाही.

चेता अवयवाशी बोलते ती रसायनातून, हे १९२१ साली ओटो ल्योवी यांनी बेडकाच्या दोन हृदयांवर दाखवलं. एका हृदयाची व्हेगस उत्तेजित करून ठोके मंदावले, त्याभोवतीचं द्रव दुसऱ्या हृदयाला दिलं, तेही मंदावलं. ते द्रव्य म्हणजे असेटिलकोलिन. १९३६ साली त्यांना हेन्री डेल यांच्यासोबत नोबेल मिळालं.

विंचवाने माणूस मरतो तो चेतासंस्थेमुळे का?

कोकणातला लाल विंचू हे या संस्थेच्या बेफाम होण्याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण आहे. त्याचं विष चेतांमधले सोडियमचे मार्ग उघडेच ठेवतं, त्यामुळे चेता संदेश सोडतच राहतात. आधी उलट्या, लाळ, दरदरून घाम. मग अनुकंपी संस्था उसळते: रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हातपाय बर्फासारखे गार पडतात. पुढे हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. डंखाच्या जागी भयंकर ठणका असूनही हातपाय गरम असतील तर ते त्यातल्या त्यात बरं लक्षण. गार हात आणि घाम हे काळजीचं.

रायगड जिल्ह्यातल्या महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांच्या उशाशी बसून हा क्रम नोंदवला. रक्तवाहिन्या आवळणाऱ्या संदेशाला अडवणारं प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं, स्वस्त औषध त्यांनी वापरलं आणि दगावणाऱ्यांचं प्रमाण एकदम खाली आलं. त्यांचं काम १९८०च्या दशकात 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मोठी यंत्रं जवळ नसताना, नुसतं नीट पाहून आणि शरीरक्रिया समजून घेऊन झालेलं हे काम आहे. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना स्वायत्त चेतासंस्था शिकवायला मला तरी याहून चांगला धडा माहीत नाही.

मग मण्यार चावल्यावर दुखत का नाही?

मण्यारीचं विष वेदनेच्या तंतूंच्या वाटेला फारसं जात नाही. ते चेता आणि स्नायू जिथे भेटतात तिथे घाव घालतं, चेतेच्या टोकातून असेटिलकोलिन बाहेर पडणंच बंद पाडतं. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री दंश होतो, खूण दिसत नाही, पहाटे पोटात दुखतं, सकाळी पापण्या उघडत नाहीत, मग गिळता येत नाही, मग श्वास. पावसाळ्यात 'रात्री बरा होता, सकाळी पापण्या पडल्या' असं कोणी सांगितलं तर साप दिसला नसला तरी दवाखाना गाठा. नागाचं विष त्याच जागी, पण स्नायूच्या बाजूला काम करतं.

कीटकनाशकांच्या फवारणीचं उलटं. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं असेटिलकोलिन मोडणारं विकर (एन्झाइम) बंद पाडतात. मग असेटिलकोलिन साचत जातं: लाळ, बारीक बाहुल्या, छातीत खरखर, स्नायूंची फडफड. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा या औषधांची बरीच चर्चा झाली. उतारा म्हणून ॲट्रोपिन दिलं जातं.

मधुमेहात आधी तळपायच का बधिर होतात?

जितका तंतू लांब, तितका तो आधी मार खातो. नळयोजनेत टाकीपासून सगळ्यात लांबच्या घरी पाण्याचा दाब आधी कमी होतो, तसं. म्हणून बधिरपणा अंगठ्यापासून सुरू होतो, मोज्यासारखा वर चढतो, आणि गुडघ्यापर्यंत आला की हाताची बोटं सुरू होतात. चप्पल पायातून निसटली आणि ते दुसऱ्याने सांगितल्यावर कळलं, हे ऐकलं की पाय तपासलेच पाहिजेत. मधुमेहावरचं मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-१२ कमी होऊ शकतं, शाकाहारी असाल तर आणखी. तेही चेतांना बाधतं, म्हणून ते मोजून घ्यावं. न मोजता, बारा महिने 'नसांची गोळी' खात राहण्याला मात्र अर्थ नाही.

कुष्ठरोग कातडीचा की चेतांचा?

दिसतो कातडीवर, नुकसान करतो चेतांचं. त्याचा जंतू श्वान पेशींत राहतो आणि त्याला शरीराचे थंड भाग मानवतात, म्हणून कातडीजवळून जाणाऱ्या चेता सापडतात. कोपरामागची अल्नर नर्व्ह दोरीसारखी जाड हाताला लागते. बोटं झडतात असा समज आहे. प्रत्यक्षात वेदना गेल्यामुळे भाजतं, कापतं, चिघळतं आणि माणसाला पत्ता नसतो. वरोऱ्याजवळच्या आनंदवनात बाबा आमटे यांनी ज्यांना घर आणि काम दिलं, त्यांच्यातल्या कितीतरी जणांचे हात असे वेदनेविना जखमी झालेले होते. औषधं मोफत मिळतात, सहा महिने किंवा वर्षभर घ्यायची. जंतू मरतो, पण गेलेली संवेदना परत येईल याची खात्री नसते. त्यामुळे न खाजणारा, न दुखणारा, फिकट, बधिर चट्टा लपवण्यासारखा नाही, दाखवण्यासारखा आहे.

पुण्यात जीबीएसची (गिलाँ-बारे सिंड्रोमची) साथ आली होती. तो काय प्रकार?

जानेवारी-फेब्रुवारी २०२५ मध्ये, मुख्यतः सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात, दोनशेहून अधिक रुग्ण आढळले. काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जुलाबाचा जंतू सापडला, संशय पाण्यावर गेला. गिलाँ-बारे सिंड्रोम स्वतः संसर्गजन्य नाही. जंतूच्या पृष्ठभागावरच्या शर्करा चेतांवरच्या शर्करांसारख्या असतात. जंतूविरुद्ध तयार झालेल्या प्रतिपिंडांना हा फरक कळत नाही आणि ती चेतांवरच तुटून पडतात. म्हणून जुलाब थांबून आठ-पंधरा दिवस झाल्यावर पाय लटपटतात, जिना चढवत नाही, अशक्तपणा वर चढतो. श्वासाचे स्नायू सापडले तर व्हेंटिलेटर लागतो. इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शनं किंवा प्लाझ्मा बदलणं, दोन्ही सारखेच उपयोगी. स्टेरॉइडचा फायदा होत नाही. बहुतेक जण पुन्हा चालू लागतात, पण महिने लागतात.

एका बाजूचं तोंड वाकडं झालं तर तो लकवाच का?

कपाळाला आठ्या घालायला सांगा. त्या बाजूला आठीच पडत नसेल, डोळाही मिटत नसेल, तर दोष बहुधा सातव्या करोटी चेतेत, म्हणजे चेहऱ्याचे स्नायू हलवणाऱ्या चेतेत आहे. आठ्या दोन्हीकडे पडतात आणि फक्त ओठ ओढलेला आहे, तर मेंदूतला झटका समजून लगेच निघा, कारण कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो. शंका असेल तरी निघाच. चेतेचा दोष असल्यास स्टेरॉइड पहिल्या ७२ तासांत सुरू करतात आणि न मिटणारा डोळा झाकून ओला ठेवतात.

तुटलेली चेता पुन्हा वाढते?

वाढते, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. श्वान पेशी रिकाम्या झालेल्या नळीत वाट धरून ठेवतात आणि तंतू त्यातून पुढे सरकतो. दुचाकीवरून पडून खांद्यापाशी चेतांचं जाळं फाटलं, तर पंजापर्यंतचं अंतर सहज सातशे मिलिमीटर भरतं; हिशोब तुम्हीच करा. तिकडे स्नायू वाट पाहत बसत नाही. वर्ष-दीड वर्ष चेता पोचली नाही तर तो कायमचा वाळतो. म्हणून अशा दुखापतीत शस्त्रक्रियेचा निर्णय पहिल्या काही महिन्यांतच घ्यावा लागतो, आणि मालिशवाल्याकडे घालवलेला वेळ परत मिळत नाही.

एनसीव्ही तपासणी नॉर्मल आली, तरी तळपायांची आग होते. मनाचे खेळ?

नाही. एनसीव्हीत विजेचा हलका झटका देऊन चेतेचा वेग मोजतात आणि त्यात फक्त जाड, आवरणवाले तंतू पकडले जातात. आग आणि वेदना वाहणारे बारीक तंतू त्या यंत्राला दिसतच नाहीत. त्यासाठी कातडीचा छोटा तुकडा काढून तंतू मोजण्याची वेगळी तपासणी आहे. ती सगळीकडे होत नाही. तोवर साखर, बी-१२, थायरॉइड आणि दारूचं प्रमाण हे चार मुद्दे डॉक्टरांसोबत खरेपणाने तपासून घ्या. चौथ्याबद्दल बरेच जण अर्धंच सांगतात.